म्युटवर ठेवलेली मिरज

मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरचा कुठलाही रील उघडून बघा. आधी वाळलेल्या भोपळ्यांची रास. मग एका वयस्क कारागिराचे हात, हातात कानस, उन्हाच्या तिरिपेत उडणारा भुसा, सगळं स्लो मोशनमध्ये. मग ड्रोनवरून मीरासाहेबांचा दर्गा. स्क्रीनवर अक्षरं उमटतात, ‘लोप पावत चाललेली कला’. आणि या सगळ्याच्या मागे वाजत असते बासरी.

मला राग येतो तो त्या बासरीचा. तो कारागीर त्या क्षणी काय करत असतो? घोडीवर एक हलका हात फिरवतो, तार परत चढवतो, छेडतो आणि ऐकतो. त्याच्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे ते ऐकणं. व्हिडिओ करणाऱ्याने नेमका तेवढाच आवाज काढून टाकलेला असतो. चित्रकारावर फिल्म करायची आणि कॅनव्हास तेवढा ब्लर करायचा, त्यातला हा प्रकार.

मी मिरजेचा. शाळा तिथेच झाली, मग इंजिनिअरिंग, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात गाव सांगितलं की ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. ‘जंक्शन ना?’ आणि ‘तिकडे हॉस्पिटलं भरपूर आहेत ना?’ समोरचा गाण्यातला निघाला तर तिसरी येते, अब्दुल करीम खाँसाहेबांची. तिन्ही बरोबर आहेत. पण या तिन्हींमध्ये ती गल्ली नाही, आणि जिथे ती येते तिथे बघायची जागा म्हणून येते. गावाच्या मध्यभागाचा इतिहास आपण चुकीच्या इंद्रियाने वाचतोय, असं मला वाटतं.

आता त्या मध्यभागाबद्दल थोडं. मिरज स्टेशनवर गाडी रिकामी होते तेव्हा कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं, तर कुणाच्या खांद्यावर गवसणीतला तंबोरा. (तानपुरा म्हणजेच तंबोरा. गल्लीत दोन्ही शब्द चालतात, मीही दोन्ही वापरणार आहे.) ही दोन माणसं एकाच गावात उतरतात यात योगायोग कमी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४चं. पण त्याच्याही आधी कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेत आला. दृष्टी फारशी परत आली नाही, पण तो इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिला. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं दरबारातून आणि गुरूच्या घरातून वर्गात आणलं. वर्ग म्हटला की तंबोरे लागणार, एक-दोन नव्हे, प्रत्येक शाखेला. मिरजेच्या धंद्याला याचा हातभार लागला नसेल तरच नवल.

अब्दुल करीम खाँसाहेब कैरान्याहून निघून बडोदा, मुंबई, पुणे असं फिरून मिरजेला स्थिरावले. १९३७ मध्ये मद्रासहून पुदुच्चेरीला जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. पण दफन झालं ते मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली. त्याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गाण्याला तिकीट नसतं. मोठमोठी माणसं तिथे येऊन गाऊन गेली आहेत.

इथवरचा इतिहास गावातला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल. त्यातली नावं परत एकदा बघा. सगळी गाणाऱ्यांची आहेत. ज्या तंबोऱ्यांवर ही माणसं गायली ते कुणी केले, त्यांची जवारी कुणी काढली, हे कुठल्या पाटीवर नाही. याला अपवाद एकच. तो गल्लीच्या मूळपुरुषाचा.

गल्लीत सांगतात ती हकीकत अशी: फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे दोन भाऊ शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांची देखभाल करणारे. पटवर्धनांचं संस्थान, पण लढाया संपलेल्या, तलवारींना गिऱ्हाईक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या भावांनी तंतुवाद्यं करायला घेतली. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. या आडनावाची मला कायम गंमत वाटते. ‘सतार’ आपली, ‘मेकर’ इंग्रजांचा, आणि मधे कुठेही सांधा दिसत नाही. हल्ली बंगळूरमध्ये लोक स्वतःला कौतुकाने ‘मेकर’ म्हणवून घेतात, मेकर स्पेस वगैरे काढतात. मिरजेत ते रेशनकार्डावर आहे.

तलवारीकडून सतारीकडे ही गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात युद्धाकडून शांतीकडे वगैरे सुबक वळण आहे. मला त्या वळणापेक्षा त्यातली तांत्रिक बाजू जास्त पटते. धार लावणाऱ्याचं कसब कशात असतं? किती घासायचं यात, आणि त्याहून जास्त, कुठे थांबायचं यात. एक हात जास्त पडला की पातं गेलं. जवारी काढणाऱ्याचं कसब नेमकं हेच आहे. फक्त इथे पातं गेलं की नाही हे बोटाने कळत नाही, कानाने कळतं.

जवारी म्हणजे काय ते थोडं खोलात सांगतो, कारण सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा. तो वाळवतात, कापतात, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडतात, तोंडावर तबली बसवतात, कोरीव काम, पॉलिश. हे सगळं रीलमध्ये छान दिसतं आणि त्यात कौशल्यही आहे. पण इथपर्यंत झालेला तंबोरा मुका असतो. तबलीवर एक रुंद घोडी असते, तिच्यावरून चार तारा जातात. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीला गिटारच्या ब्रिजसारखी धारदार कड नसते. तिची पाठ सपाट वाटते, पण अगदी किंचित उताराची असते. तार तिला एका बिंदूत टेकत नाही, कंप पावताना ती त्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते. त्यातून तो झणझणता, उमलत जाणारा आवाज येतो. हा उतार किती असावा, कुठे सुरू व्हावा, हे घासून ठरवणं म्हणजे जवारी काढणं. शिवाय तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो.

या प्रकाराने सी. व्ही. रामन यांनाही कोड्यात टाकलं होतं. तार जिथे छेडाल तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते ओव्हरटोन, म्हणजे सहायक नाद, ऐकू यायला नकोत, असा तारांच्या कंपनाचा एक जुना नियम आहे. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे नाद गायब व्हायला हवेत ते इथे ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण ती वक्र घोडी. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती. पुस्तकातला नियम मोडणारी ही गोष्ट तेव्हा मिरजेत रोज, कानशीने, समीकरणाशिवाय चालू होती.

तुमच्याकडे कधी चांगला जुळवलेला तंबोरा आला तर एक करा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या, चौथी खर्जाची. खर्जाची तार छेडा आणि तिचा आवाज विरेपर्यंत थांबा. शेवटाकडे वर कुठेतरी गंधार तरंगताना ऐकू येईल. कुणीही न छेडलेला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत तो तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीचा सहायक नाद. जवारी बरी असेल तर तो येतो, वाईट असेल तर नुसती भणभण होते, आणि जवारी फार चांगली असेल तर तो गंधार एकदम येत नाही. आधी पंचमाची चाहूल लागते, मग तो उमलतो. किराण्याचा सगळा आलाप या उमलण्याच्या वेगाने चालतो, असं मला ऐकताना वाटत आलं आहे. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यांची दुरुस्ती येत होती, हे लक्षात घेतलं तर ते फारसं आश्चर्याचंही नाही.

आता ॲपकडे. तुमच्यातले जे गातात त्यांच्या फोनमध्ये तानपुऱ्याचं एखादं ॲप असणारच. माझ्याही आहे, आणि मी ते नावं ठेवण्यासाठी इथे आणलेलं नाही. पीजीच्या खोलीत पाच फुटी तंबोरा कुठे ठेवायचा? पावसाळ्यात तो उतरतो, गाडीत तो फुटतो, आणि शिकाऊ मुलाला तो जुळवता येईपर्यंत रियाजाची वेळ संपते. ॲपने हे सगळं सोडवलं, आणि गाणं शिकणं कितीतरी जणांच्या आवाक्यात आणलं. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक आहे.

पण ते नेमकं काय वाजवतं ते ऐका. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झवर असते. मोबाईलचा तो चिमुकला स्पीकर इतका खालचा सूर जवळजवळ काढूच शकत नाही. तरीही तुम्हाला खर्ज ऐकू येतो, कारण वरचे सहायक नाद ऐकून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून घेतो. म्हणजे फोनच्या स्पीकरमधून भोपळ्याची गुंज येत नाही, लाकडाचा घुमारा येत नाही. येते ती जवळपास निव्वळ जवारी. ज्या गोष्टीमुळे कारागीर नकोसा होईल असं सगळे म्हणतात, ती गोष्ट त्याच्या कानशीच्या कामावरच चालते. सॅम्पल केलेला प्रत्येक तानपुरा कुणीतरी, कधीतरी, दुकानात बसून मोकळा केलेला असतो. मी वापरतो त्या ॲपच्या ‘अबाउट’ पानावर डेव्हलपरचं नाव आहे, डिझायनरचं आहे, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं आहे. तानपुरा कुणाचा, ते नाही. आमच्या क्षेत्रात कोडच्या एकेका ओळीवर ती कुणी लिहिली त्याची नोंद असते, गिट ब्लेम केलं की नाव येतं. इथे अख्खा आवाजच बेवारस.

मागच्या दिवाळीत मी ओळखीच्या एका दुकानात दुपारभर बसलो होतो. चाचा एका गायिकेच्या तंबोऱ्याची जवारी काढत होते. तारा सैल, घोडीवर कानस, परत तारा, परत जुळवणी, छेड, ऐक, परत सैल. माझ्या कामात बिल्डला वीस मिनिटं लागली तर आम्ही तक्रार करतो. इथे प्रत्येक फेरी तेवढी, आणि ‘अनडू’ नाही, घासलेली घोडी भरून येत नाही. मी फोनवर स्पेक्ट्रोग्राम दाखवणारं ॲप लावलं होतं. प्रत्येक फेरीनंतर पट्टे बदललेले दिसत होते. मी कौतुकाने दाखवलं. चाचांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. म्हणाले, “बरं हाय की. पण ह्यातलं चांगलं कुठलं, ते कसं कळायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार फेऱ्यांचे चार आलेख होते, चौघांत फरक होता, आणि तिसरा जास्त चांगला हे आलेखात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते चाचांनी ठरवलं. हा प्रश्न या भागाला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरेक वर्षांपूर्वी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघालेले स्वर मोजून श्रुतींवर पुस्तक लिहिलं, ते १९१०चं. मोजणारे देवल होते, पण कुठला स्वर बरोबर हे सांगणारा कान खाँसाहेबांचा होता. मोजणं आणि पारखणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

चाचांच्या त्या पारखीला मी समीक्षा म्हणेन, आणि आपल्या बहुतेक लेखी संगीत समीक्षेपेक्षा ती जास्त काटेकोर आहे. तिला शब्दही आहेत. जवारी ‘मोकळी’ असते, ‘बंद’ असते, ‘गोल’ असते, आवाज ‘टोचतो’, तार ‘बोलते’ किंवा ‘बोलत नाही’. गायिकेचा गळा बारीक असेल तर किती मोकळी ठेवायची, जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळायला हव्यात की थोड्या वेगळ्या ऐकू यायला हव्यात, हे निर्णय त्या भाषेत होतात. मैफलीच्या परीक्षणात मात्र तंबोऱ्याबद्दल आपण काय वाचतो? ‘तंबोऱ्याची साथ अमुक यांनी केली.’ संपलं.

त्यामुळे एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी बोलतो. अलीकडच्या बऱ्याच मैफलींत तंबोरे मला गरजेपेक्षा खणखणीत लागतात. माइक, मोठं सभागृह, मॉनिटर, या सगळ्यांतून ऐकू जायला हवं म्हणून जवारी जास्त उघडी मागितली जात असावी. त्यात ते उमलणं हरवतं, सगळे नाद एकदम अंगावर येतात. भरीला गायकाच्या मागे एक इलेक्ट्रॉनिक तानपुराही चालू असतो. स्टेजवर दिसतात दोन तंबोरे, ऐकू येतो तिसरा. दोन तरुण मुलं तासभर तारा छेडत बसलेली असतात आणि त्यांचा आवाज डब्यातल्या आवाजाखाली गेलेला असतो. मला हे रीलमधल्या बासरीचंच मोठं भावंड वाटतं. वाद्य दिसलं पाहिजे, ऐकू नाही आलं तरी चालेल. फरक इतकाच की इथे ते स्वतः कलाकार करतात, आणि आम्ही श्रोते टाळ्या वाजवतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. चांगलं झालं, आता दुसरीकडचा माल मिरजेच्या नावाने खपवणं तरी अवघड जाईल. पण मानांकन गावाचं नाव राखतं. समोरचा तंबोरा उत्तम आहे की नुसता बरा, हे ते सांगू शकत नाही. ते सांगायला ऐकणारा गिऱ्हाईक लागतो. गिऱ्हाइकाला फरक कळेनासा झाला की कारागिराला दोन फेऱ्या जास्त करायचं कारण उरत नाही, दोन फेऱ्यांचे पैसे तर कुणी देतच नाही. मला खरी भीती याची आहे. गल्ली बंद पडेल, भोपळे संपतील, असं काही होण्याआधीच जवारी ‘चालून जाईल’ इतपत होईल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. रील तेव्हाही तितकाच सुंदर दिसेल.

शहराच्या मध्यभागाच्या सुशोभीकरणाची चर्चा निघाली की भिंतीवर सतारीची चित्रं, चौकात शिल्प अशा कल्पना येतात. सगळ्या बघायच्या. माझी मागणी त्यामानाने स्वस्त आहे. मिरजेत होणाऱ्या प्रत्येक मैफलीच्या पत्रिकेवर, मग ती दर्ग्यातली असो, अंबाबाईच्या देवळातली नवरात्रातली असो की बालगंधर्व नाट्यगृहातली, एक ओळ छापावी: तंबोरे कुणाचे, आणि जवारी कुणी काढली. परीक्षण लिहिणाऱ्याने त्या ओळीबद्दल निदान एक वाक्य लिहावं, चांगलं किंवा वाईट. ॲपवाल्यांनी ‘अबाउट’मध्ये तीच ओळ टाकावी.

हे मी चाचांना सांगितलं. नाव छापण्याबद्दल ते फारसे हरखले नाहीत. म्हणाले, “छापा की. पर त्या पाहुण्यास्नी सांगा, तंबोरा दोन दिस आधी पाठवा म्हणावं. कार्यक्रम संध्याकाळचा आन् सकाळी घेऊन येत्यात.” मग त्यांनी धागा नखाने किंचित मागे सरकवला, खर्ज छेडला, आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली.